वार्धक्य आणि वास्तू : धार-देवासच्या निमित्ताने

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्या मराठीत एक म्हण आहे. कन्नडमध्येही हीच म्हण जवळजवळ शब्दशः आढळते : 'मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु'. घर बांधणे किती कष्टाचे असते हे दोन्ही भाषांतील अनुभवी माणसांनी ओळखले होते, हे यावरून दिसते. पण त्याच घरात त्याच माणसाला चाळीस वर्षांनी वावरणे जड का जाते, याबद्दल कोणती म्हण माझ्या तरी ऐकण्यात नाही. घर बांधतो तेव्हा माणूस पस्तिशी-चाळिशीत असतो. त्याला पायरी चढणे, उकिडवे बसणे, अंधारात चाचपडत मोरीपर्यंत जाणे यांत काही विशेष वाटत नाही. पुढे माणसाचे शरीर बदलते. पायरीची उंची मात्र तेवढीच राहते. ह्या दोहोंतील अंतर कसे भरून काढावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम एका शब्दाचा खुलासा करणे आवश्यक आहे. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की प्रसूतिगृह किंवा एखाद्या डॉक्टरांचे खाजगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. पाश्चात्य देशांत मात्र हा शब्द मुख्यतः ज्यांना रोजच्या व्यवहारात दुसऱ्याची मदत लागते अशा वृद्धांच्या निवासाला वापरतात. आपल्याकडे त्याला जवळचा शब्द म्हणजे वृद्धाश्रम, आणि त्याहूनही जवळचे म्हणजे आपले घर. कारण आपल्या देशातील बहुसंख्य वृद्धांची शुश्रूषा आजही घरातच होते. म्हणून ह्या लेखात दोन्हींचा विचार बरोबरच केला आहे. संस्थेची खोली असो वा घराचे माजघर असो, गुडघ्यांना आणि डोळ्यांना लागणारी सोय एकच असते.

धार आणि देवासच का?

धार व देवास ही माळव्यातील दोन मराठी संस्थाने होती. १८ व्या शतकात पवार घराण्यातील सरदारांनी येथे जम बसविला. देवासमध्ये तर दोन भावांच्या दोन गाद्या झाल्या. थोरली पाती आणि धाकटी पाती अशा नावांनी त्या ओळखल्या जात. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार असा प्रकार तेथे स्वातंत्र्यापर्यंत चालू होता. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ पासून हा भाग मध्य प्रदेशात आहे. संस्थानांबरोबर कारकून, शिक्षक, पुजारी, वैद्य अशी अनेक मराठी कुटुंबे तिकडे गेली व तेथेच राहिली. त्यांची मराठी थोडी हिंदीच्या अंगाने जाते. आपण ज्याला ओटा म्हणतो, कन्नडमध्ये ज्याला कट्टे व आपल्या सीमाभागात कट्टा म्हणतात, त्याला तिकडे 'ओटला' म्हणतात.

आणखी एका कारणाने ही गावे ह्या विषयाला योग्य वाटतात. ११ व्या शतकात धार ही परमार राजा भोज याची राजधानी होती. त्याच्या नावावर असलेला 'समरांगण सूत्रधार' हा ८३ अध्यायांचा संस्कृत ग्रंथ वास्तुशास्त्रावरील प्रमुख ग्रंथांपैकी एक मानला जातो. ज्या गावाचे नाव घरबांधणीच्या शास्त्राशी जोडलेले आहे, त्याच गावातील जुन्या वाड्यांत आज एकटे म्हातारे-म्हाताऱ्या राहतात आणि त्यांना स्वतःच्या घरात फिरता येत नाही. मुले इंदूर, पुणे, बेंगळूर किंवा परदेशी गेली आहेत. अशी परिस्थिती धार-देवासलाच आहे असे नव्हे. आपल्या गावातील गल्ल्यांतही वेगळे चित्र दिसणार नाही.

माझे आजोळ धारचे, आणि आत्या देवासला दिलेली. त्यामुळे ही घरे मला लहानपणापासून ठाऊक आहेत. धारला आजी एकटी राहते. तिचे वय ८१. गेल्या वर्षी घरात एक प्रश्न उभा राहिला : वाडा विकून तिला इंदूरच्या वृद्धाश्रमात ठेवावे की काय? थोरल्या मामांचे म्हणणे असे, की आईला आता काही होत नाही. ती देवळात जात नाही, भजनाला जात नाही, संध्याकाळनंतर अंथरुणावरून उठत नाही. म्हणजे ती थकली. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत तेथे महिनाभर होते. एकदा मी तिला विचारले, "आजी, तू संध्याकाळी चहासुद्धा का घेत नाहीस?" ती म्हणाली, "रात्री उठायला लागू नये म्हणून ग. चौकातून पलीकडे जायचं, दोन पायऱ्या उतरायच्या, दिव्याचं बटण पार त्या टोकाला. पडले तर सकाळपर्यंत कोण येणार?" पाणी कमी प्यायल्याने चक्कर येते, चक्कर आल्याने चालणे कमी होते आणि चालणे कमी झाल्याने पाय आणखी अशक्त होतात, असे तिच्या डॉक्टरांनी पुढे सांगितले. म्हणजे आम्ही जिला थकवा म्हणत होतो त्याचा बराचसा भाग दोन पायऱ्या आणि एक बटण यांत होता. तेव्हापासून मी ह्या विषयावर मिळेल ते वाचू लागले. त्याचाच सारांश येथे देत आहे.

शरीरात काय बदलते?

घर कसे असावे हे ठरविण्यापूर्वी ते कोणासाठी, हे समजले पाहिजे. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते व भिंग पिवळसर होत जाते. २० वर्षांच्या तरुणाच्या डोळ्यातील पडद्यावर जितका प्रकाश पोचतो त्याच्या सुमारे एक-तृतीयांशच ६० वर्षांच्या माणसाच्या पडद्यावर पोचतो. म्हणजे ज्या दिव्यात आपल्याला पुस्तक वाचता येते त्यात आजोबांना ताटातली चटणीही नीट दिसत नाही. शिवाय उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे सरावायला त्यांना अधिक वेळ लागतो, आणि लखलखाट अधिक त्रास देतो. भिंग पिवळे झाल्याने निळा व हिरवा यांतील फरक कळणे अवघड जाते.

कानांचे म्हणाल तर बारीक, उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात. दगडी भिंतींच्या मोठ्या खोलीत आवाज घुमतो, तेथे दोन माणसे एकदम बोलली तर वृद्धाला काहीच उमगत नाही. तो मग गप्प बसतो आणि लोक म्हणतात, "आजोबा हल्ली तंद्रीत असतात."

गुडघे, कंबर व तोल यांचे तर सांगायलाच नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालाप्रमाणे ६५ वर्षांवरील शंभर माणसांपैकी सुमारे २८ ते ३५ माणसे वर्षातून एकदा तरी पडतात. पडण्यात खुब्याचे हाड मोडले की अनेकांचे हिंडणे-फिरणे कायमचे थांबते. आणि ज्यांना विस्मरणाचा विकार जडतो त्यांना सारख्या दिसणाऱ्या चार दारांतून आपले दार ओळखता येत नाही.

यांतील एकही गोष्ट आपल्याला पूर्णपणे थांबविता येत नाही. पण घर मात्र बदलता येते.

उंबरठ्यापासून सुरुवात

माळव्याची जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाणी घरात शिरू नये म्हणून जुनी घरे उंच जोत्यावर बांधली गेली. ती त्या काळी शहाणपणाची गोष्ट होती. पण त्यामुळे रस्ता आणि ओसरी यांत तीन-चार उंच पायऱ्या येतात, आणि जमीन हलत राहिल्याने फरश्याही कोठे वर, कोठे खाली होतात. अर्धा इंच वर आलेली फरशी तरुणाला दिसतही नाही. पाय घासत चालणाऱ्या वृद्धाला तीच पाडते.

पायऱ्यांना पर्याय उताराचा. केंद्र शासनाने २०१६ साली इमारती सर्वांना वापरता याव्यात म्हणून मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली व २०२१ मध्ये ती सुधारली. त्यांतील उताराचे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे : एक इंच उंचीला किमान बारा इंच लांबी. आजीच्या घरी मी टेप घेऊन मोजले. पुढचे जोते ३० इंच उंच. म्हणजे उतार हवा ३० फूट लांब. आणि ओटल्यापुढे रस्त्यापर्यंत जागा जेमतेम ८ फूट! गणित तेथेच बिघडले. पण परसदाराकडे अंगण भर घालून उंच केलेले आहे. तेथे फरक फक्त १० इंच, म्हणजे १० फुटांचा उतार पुरे. ज्या दाराने आजवर फक्त भांडी घासणारी बाई आणि लाकूडफाटा येत असे, त्या दाराने आता घरची मालकीण ये-जा करू शकते. प्रश्न फक्त मनाचा होता, आणि तो आजीपेक्षा मामांच्या मनाचा अधिक होता.

जेथे पायऱ्या काढता येत नाहीत तेथे निदान दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक पायरीच्या काठावर पिवळ्या रंगाचा ठळक पट्टा ओढावा, आणि दोन्ही बाजूंना कठडा बसवावा. कठड्याचा दांडा मुठीत मावेल असा गोल हवा. शासकीय सूत्रांत तो सुमारे ९० सेंटीमीटर व ७६ सेंटीमीटर अशा दोन उंचीवर सांगितला आहे. वाड्यांतील भिंतीत दडलेले अंधारे जिने मात्र वृद्धांनी चढूच नयेत. त्यांची खोली खालच्या मजल्यावर आणणे हाच उपाय.

देवासच्या टेकडीवर चामुंडा आणि तुळजाभवानी यांची देवळे आहेत. तेथे चढायला पायऱ्या आहेत, आणि आता रोपवेही आहे. देवदर्शनाला जो विचार समाजाने केला तोच घरातल्या देवघरापर्यंत जाण्यासाठी करावा, एवढीच अपेक्षा.

फरशी, उजेड आणि रंग

हल्ली घराची दुरुस्ती म्हणजे गुळगुळीत चकचकीत टाइल्स, असे समीकरण झाले आहे. अशा फरशीवर खिडकीचा उजेड पडला की ती ओली असल्यासारखी दिसते आणि वृद्ध माणूस बिचकतो. आणि ती खरोखरच ओली असली तर दिसत नाही व तो घसरतो. त्यापेक्षा चमक न आणलेली, खरबरीत कोटा फरशी पुष्कळ बरी. आणि माळव्याला कोटा काही दूर नाही. फरशीवर मोठी काळी-पांढरी नक्षी नसावी, कारण विस्मरणाचा विकार असलेल्या माणसाला काळा चौकोन खड्ड्यासारखा भासू शकतो. कडेला दुमडणाऱ्या सतरंज्या आणि सरकणारी पायपुसणी पहिल्या दिवशी उचलून ठेवावीत.

दिवे अधिक हवेत, पण डोळ्यांत घुसणारे नकोत. एकाच मोठ्या दिव्यापेक्षा तीन-चार झाकलेले दिवे उजेड सारखा पसरवतात. अंथरुणापासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर जळणारा मंद दिवा असावा. खोलीच्या दोन्ही टोकांकडून लावता-मालवता येईल असे टू-वे बटण कोणताही वायरमन तासाभरात बसवून देतो.

रंगाचा उपयोग शोभेपेक्षा ओळख पटविण्यासाठी करावा. पांढऱ्या भिंतीवर पांढरे बटण, पांढऱ्या फरशीवर पांढरे कमोड, पांढऱ्या ताटात भात हे सर्व वृद्ध डोळ्यांना एकमेकांत मिसळलेले दिसते. भिंत व फरशी, दार व भिंत, ताट व अन्न यांच्या रंगांत स्पष्ट फरक असला की काम सोपे होते. यासाठी वेगळा खर्च येत नाही. रंग तर आपण देतोच. फक्त विचार करून द्यायचा.

न्हाणीघर व संडास

घरातील अत्यंत धोक्याची जागा हीच, आणि संकोचामुळे जिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते तीही हीच. जुन्या वाड्यांत संडास परसात, घरापासून शक्य तितका लांब. सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पना आणि त्या काळची सफाईची पद्धत पाहता ते साहजिक होते. आज ते अंतर वृद्धांच्या पाण्यावर आणि झोपेवर बंधन घालते. संडास झोपण्याच्या खोलीला लागून असावा, आणि शक्य तर अंथरुणावरून त्याचे दार दिसावे. दार दिसले तर विस्मरण झालेल्या माणसालाही वाट सापडते, असा संस्थांचा अनुभव आहे.

बैठक जमिनीपासून १८ ते १९ इंच उंच हवी. बाजूच्या भिंतीत आधाराचा दांडा पक्का, विटेत खोलवर रोवून बसवावा. टॉवेलच्या दांडीला धरून उठणारी माणसे दांडीसकट खाली येतात. दाराची मोकळी रुंदी ३ फूट असावी. चाकांची खुर्ची वळण्यासाठी ५ फूट व्यासाची मोकळी जागा लागते. दार बाहेर उघडावे, कारण आत पडलेला माणूस आत उघडणाऱ्या दाराला टेकून पडला तर त्याला सोडविताच येत नाही. कडी अशी असावी की प्रसंगी बाहेरून काढता येईल. स्नानासाठी पाटाऐवजी न सरकणारी, हातांची खुर्ची आणि हातात धरायचा फवारा असावा. गरम पाण्याचा नळ लाल रंगाने ठळक दाखवावा.

बसणे, झोपणे आणि देवपूजा

सोफा जितका मऊ व खोल, तितका तो वृद्धांचा वैरी. त्यातून उठायला दोन माणसे लागतात. हाताची, सरळ पाठीची, सुमारे १८ इंच उंच व टणक बैठकीची खुर्ची साधी दिसते, पण तीतून माणूस स्वतः उठतो. पलंगही तेवढाच उंच असावा. पाय टेकले की तळवे पूर्ण जमिनीला लागले पाहिजेत. धार-देवासकडे घरोघरी झोपाळा असतो. तो काढून टाकण्याची गरज नाही. फक्त बसता-उठता तो हलू नये म्हणून भिंतीशी अडकविण्याची साखळी असावी.

देवपूजेचा प्रश्न नाजूक आहे. आमच्या आजीला खुर्चीवर बसून पूजा करणे पटेना. देव खाली आणि आपण वर, हे तिला कसेसेच वाटे. त्यामुळे ती रोज खाली बसे आणि उठताना कपाटाच्या कडीला लोंबकळे. उपाय वाड्यानेच दिला. माजघराच्या जाड भिंतीत छातीइतक्या उंचीवर मोठा कोनाडा आहे. देव तेथे नेले. आता आजी खुर्चीवर बसते आणि देव तिच्यापेक्षा उंचच राहतात. जुन्या घरांत सगळेच गैरसोयीचे असते असे नाही, हे सांगण्यासाठी हे उदाहरण दिले.

संस्थेत खुर्च्या कशा मांडाव्यात?

आता घराकडून संस्थेकडे वळू. वृद्धाश्रमाच्या दिवाणखान्यात खुर्च्या बहुधा भिंतीला लावून एका ओळीत मांडलेल्या असतात. झाडायला सोपे जाते आणि पाहुण्यांना टापटीप दिसते. १९५० च्या दशकात कॅनडातील सस्कॅचवन प्रांतात रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञाने वृद्ध स्त्रियांच्या एका कक्षात हाच प्रकार पाहिला. कक्ष नुकताच रंगवून नव्या खुर्च्यांनी सजविला होता, तरी बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्याने खुर्च्या भिंतीपासून काढून लहान चौकोनी टेबलांभोवती मांडल्या. सुरुवातीला सर्वांनाच ते खटकले. पण काही आठवड्यांनी मोजले तेव्हा आपसातील संभाषणे जवळजवळ दुप्पट झाली होती. विचार केला तर यात नवल नाही. ओळीत बसलेल्या माणसाशी बोलायचे तर मान वळवावी लागते, आणि कमी ऐकू येणाऱ्याला समोरच्याचे ओठ दिसावे लागतात. माळव्याचा ओटला आणि आपला कट्टा यांवर माणसे समोरासमोर, कोनात बसतात, म्हणून तेथे गप्पा रंगतात. वृद्धाश्रमात असा एक ओटला हवा : रस्ता दिसणारा, सावलीचा, पाठ टेकता येईल असा.

दुसरा मुद्दा स्वतःच्या अधिकाराचा. १९७६ साली अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात एलन लँगर व जुडिथ रोडिन यांनी एका नर्सिंग होममध्ये प्रयोग केला. एका गटाला आपापल्या खोलीची मांडणी ठरवायला सांगितले आणि सांभाळायला एकेक रोप दिले. दुसऱ्या गटाला सर्व काही कर्मचारी करतील असे सांगून रोपेही त्यांच्याच हाती ठेवली. काही आठवड्यांनी पहिला गट अधिक उत्साही व सावध आढळला. म्हणून संस्थेत प्रत्येकाला आपली पेटी, आपला फोटो, आपली उशी ठेवण्याची मुभा असावी. खोलीच्या दाराशी लहानसा कोनाडा करून त्यात त्याची ओळखीची वस्तू ठेवली, तर क्रमांक विसरणाऱ्यालाही दार सापडते. दोन खाटांमध्ये निदान पडदा हवा. आयुष्यभर अब्रूने राहिलेल्या माणसाला दहा जणांसमोर कपडे बदलायला लावणे ही काटकसर नव्हे.

तिसरा मुद्दा खिडकीचा. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून असे दाखविले, की ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले व त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अंथरुणावर पडल्या पडल्या बाहेरचे दिसावे इतकी खिडकीची चौकट खाली असावी.

येथे आपल्याच जिल्ह्यातील एका थोर पुरुषाची आठवण होते. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकळीमठ, म्हणजे पंडित कुमार गंधर्व, क्षयाने आजारी पडल्यावर १९४८ मध्ये कोरड्या हवेसाठी देवासला गेले. अनेक वर्षे त्यांना अंथरुणावर काढावी लागली. त्या काळात बाहेरून कानांवर पडणारी माळव्याची लोकगीते त्यांनी मनात साठविली आणि पुढे त्यांच्या गायनाला त्यांतून नवे वळण मिळाले. ते १९९२ पर्यंत देवासलाच राहिले. सर्वांनाच अशी प्रतिभा नसते हे खरे. पण आजाऱ्याच्या खोलीत बाहेरचे जग येऊ दिले पाहिजे, हा बोध त्यातून प्रत्येकाला घेता येतो.

खर्चाची बाजू

वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असल्याने जमाखर्चाचा विचार केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ह्या सुधारणांचे तीन वर्ग पडतात. पहिला बिनखर्चाचा : खुर्च्या हलविणे, पायपुसणी काढणे, खोली खाली आणणे. दुसरा किरकोळ खर्चाचा : दांडे, दिवे, बटणे, रंगाचे पट्टे. तिसरा भांडवली खर्चाचा : नवा संडास, उतार, रुंद दार. आपण तिसऱ्याच्या आकड्याला घाबरून पहिले दोनही करीत नाही. शिवाय हिशेबाची दुसरी बाजू कोणी मांडत नाही. खुब्याच्या एका शस्त्रक्रियेचा, नंतर ठेवाव्या लागणाऱ्या बाईच्या पगाराचा, मुलांच्या बुडालेल्या कामाचा खर्च दर महिन्याला चालू राहतो. दांडा एकदाच बसवावा लागतो. नवे घर किंवा आश्रम बांधताना तर ३० इंचांऐवजी ३६ इंचांचे दार लावण्यास फारसे अधिक पैसे पडत नाहीत. तेच दार पुढे भिंत फोडून मोठे करायचे तर अनेक पट पडतात.

शासनाची जबाबदारीही आहे. २००१ च्या पिढीपेक्षा आजची पिढी अधिक जगते. २०११ च्या जनगणनेत ६० वर्षांवरील लोक सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे ८.६ टक्के होते, आणि २०५० पर्यंत हे प्रमाण सुमारे एक-पंचमांश होईल असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासंबंधीच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य शासनांनी टप्प्याटप्प्याने काढावा अशी तरतूद आहे. २०१९ मध्ये केंद्राने निवृत्तांच्या वसाहतींसाठी आदर्श सूत्रेही दिली. पण खाटांची संख्या मोजणे सोपे असते. त्या खाटेवरून उठून माणूस स्वतः संडासला जाऊ शकतो का, हे कोणी मोजत नाही. कोणत्याही संस्थेची पारख करताना मी तरी हाच प्रश्न प्रथम विचारीन.

एक आक्षेप

काही जण म्हणतील, की दांडे आणि उतार लावले की घराचे रुग्णालय होते. हा आक्षेप खरा आहे, आणि तो बहुधा वृद्धच घेतात. आत्याच्या सासऱ्यांनी न्हाणीघरात लोखंडी दांडा बसवू दिला नाही. "मी काय आजारी आहे?" हा त्यांचा सवाल. शेवटी सुताराने खोलीच्या भिंतीला सागवानी पट्टी बसविली, जिन्याच्या कठड्यासारखी, आणि तीच पुढे न्हाणीघरापर्यंत नेली. ती त्यांनी विनातक्रार धरली. तात्पर्य, वस्तू सोयीची असून भागत नाही. ती घरातली वाटली पाहिजे, आणि ज्याच्यासाठी करायची त्याला आधी विचारले पाहिजे.

आजीचा वाडा तूर्त विकायचा नाही असे ठरले आहे. दिवाळीपूर्वी तिच्या खोलीला लागून संडास बांधला, परसदाराला उतार केला, टू-वे बटण बसविले. तिचे वय काही कमी झाले नाही आणि गुडघेही दुखतातच. पण ती आता संध्याकाळी चहा घेते आणि गुरुवारी भजनाला जाते. पुढे कदाचित तिला आश्रमात जावेही लागेल. परंतु तो निर्णय तिच्या प्रकृतीवरून होईल, दोन पायऱ्यांवरून होणार नाही.

माझ्या वाचक मित्रमैत्रिणींना एवढीच विनंती, की ह्या सुट्टीत घरी गेल्यावर एक टेप घ्या. पायरी, दार, पलंग, बैठक यांची उंची-रुंदी मोजा, आणि रात्री दिवे मालवून आजी-आजोबांच्या अंथरुणापासून संडासापर्यंत एकदा चालून पाहा. काय बदलायचे ते त्यांनाच विचारा. ते सांगतील, आजवर कोणी विचारले नसेल इतकेच.